दातांचं डिजिटल माप शिकताना: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारचे दंतवैद्य, नुकतंच बीडीएस झालेली मुलंमुली, लॅबवाले (कॅप, कवळ्या बनवणारे) आणि क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या ताई यांच्याकडून तोंडात फिरवून दातांचं माप घेणाऱ्या स्कॅनरबद्दल हे प्रश्न सारखे येतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं कुठल्याही एका कंपनीच्या यंत्रापुरती नाहीत. बटणांची नावं बदलतात, तोंड मात्र सगळीकडे सारखंच असतं. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. स्कॅनर तोंडात नेमकं करतो काय? फोटो काढतो की व्हिडिओ?

दोन्हीपेक्षा वेगळं काम करतो. स्कॅनरच्या टोकातून दातावर प्रकाश पडतो, परतून येणारा प्रकाश आतला कॅमेरा टिपतो आणि दाताचा प्रत्येक बिंदू किती लांब आहे हे सॉफ्टवेअर मोजतं. काही यंत्रं पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतात आणि त्या पट्ट्या दातावर कशा वाकल्या यावरून आकार काढतात. काही यंत्रं कॉन्फोकल पद्धतीची असतात, म्हणजे कुठल्या खोलीवर चित्र स्पष्ट येतं ते पाहून अंतर ठरवतात. एका वेळी टोकाखाली एक-दोन दातांएवढाच भाग दिसतो. असे शेकडो तुकडे एकमेकांवर बसवून जबडा तयार होतो. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ या तुकडे बसवण्यात आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवाच.

हे तंत्र कालपरवाचं नाही. फ्रान्सच्या फ्रांस्वा दुरे यांनी 1973 मध्ये आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली. झुरिचमध्ये व्हर्नर म्योर्मान आणि मार्को ब्रँडेस्टिनी यांच्या यंत्रानं 1985 मध्ये पहिल्यांदा रुग्ण खुर्चीत असतानाच इनले (दाताच्या पोकळीत बसवायचा तुकडा) तयार करून बसवला गेला. तेव्हा दातांवर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर मारावी लागायची. आताच्या बहुतेक यंत्रांना ती लागत नाही.

2. यातून एक्स-रेसारखं रेडिएशन येतं का? गरोदर बाईचा स्कॅन करावा का?

नाही येत. हा साधा प्रकाश आहे, त्यामुळे गरोदर बाईचा, लहान मुलाचा, कुणाचाही स्कॅन करता येतो. गोंधळ होतो तो सीबीसीटी, म्हणजे कोन बीम सीटीमुळे. तिलाही लोक ‘स्कॅन’च म्हणतात. सीबीसीटी हे एक्स-रे यंत्र आहे, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात आणि ती हाडाच्या आतलं दाखवते. तोंडातला स्कॅनर फक्त वरचा पृष्ठभाग दाखवतो. मुळाला पू आहे का, हाड किती उरलंय, हे त्याला कळत नाही.

3. मग पुट्टी, अल्जिनेट, ट्रे हे सगळं आता बंद करायचं का?

नाही. पुट्टी आणि अल्जिनेट ही ट्रेमध्ये भरून दातांचा ठसा घ्यायची मऊ मटेरियलं. स्कॅनर घेतल्यावर ट्रे अडगळीत टाकणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो की ते जपून ठेवा. पूर्ण कवळी (प्रश्न 11), रूट कॅनल झालेल्या दातात खोलवर बसवायच्या पोस्टचं (आधाराच्या खुंटाचं) माप, हिरडीखाली बरीच खाली गेलेली आणि कोरडी न राहणारी कडा, अशा कामांना जुनं माप अजून लागतं. पोस्टची जागा अरुंद आणि खोल असते. प्रकाश तळापर्यंत पोचून परत येत नाही, तर स्कॅन तरी कुठून येणार?

पण जिथे स्कॅन चालतो तिथे आपल्या भागात त्याचा मोठा फायदा आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबारला आलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. पुट्टीचं माप लॅबला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन येतो, ‘डॉक्टर, मार्जिन ओढली गेलीय, परत माप पाठवा.’ मार्जिन म्हणजे कापलेल्या दातावर कॅप जिथे संपते ती कड. मग तो माणूस पुन्हा त्याच एसटीनं येतो, किंवा येतच नाही. अल्जिनेट हवेत आकसतं, पाण्यात फुगतं, त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं. पार्सलमध्ये टाकायची ती वस्तूच नव्हे. स्कॅनमध्ये मापाचा दोष रुग्ण खुर्चीत असतानाच पडद्यावर दिसतो. तो दिसतो खरा, पण आपण पाहिला तरच. म्हणून रुग्ण उठायच्या आधी स्कॅन फिरवून, मोठा करून बघायची सवय लावून घ्या. या पानावरचं एवढं एक घेतलंत तरी चालेल.

4. शिकायची सुरुवात कुणाच्या तोंडापासून करू? किती दिवसांत हात बसतो?

आधी प्लास्टरच्या मॉडेलवर करा. तिथे लाळ नाही, जीभ नाही, कुणी हलत नाही. हाताला वेग आणि अंतर कळायला हे बरं. पण मॉडेलवर जमलं म्हणजे तोंडात जमलं असं समजू नका. दुसरी पायरी आपल्याच स्टाफची. एकमेकांचे पूर्ण जबडे स्कॅन करा आणि स्वतःचाही एकदा करून घ्या. टोक मागच्या दाढेपाशी गेलं की कसं वाटतं, गाल कुठे ओढला जातो, हे स्वतःच्या तोंडात कळल्याशिवाय रुग्णाशी नीट वागता येत नाही.

मग अलाइनर (दात सरळ करणारं प्लास्टिकचं आवरण), रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर ठेवणारं) किंवा नाइट गार्ड (झोपेत दात घासू नयेत म्हणून घालायचं) यांसाठीचे जबडे घ्या. तिथे कापलेला दात नसतो. त्यानंतर खालच्या पहिल्या दाढेची एक साधी कॅप, तीही हिरडीच्या वर कडा असलेली. ब्रिज (एकमेकांना जोडलेल्या कॅप) नंतर, इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू) त्याच्याही नंतर. दिवसांचा आकडा मी देत नाही, कारण तो माणसागणिक बदलतो. रोज एक स्कॅन करणारा लवकर शिकतो, महिन्यातून चार करणारा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करतो. काम नसलं तरी रोज एका माणसाचा स्कॅन घ्या.

सुरुवातीला शक्य असेल तिथे स्कॅन आणि पुट्टी दोन्ही घ्या. लॅबला स्कॅन पाठवा आणि पुट्टी बाजूला ठेवा. स्कॅन कमी पडला तर रुग्णाला परत बोलवावं लागत नाही.

5. टोक फिरवायचं कसं? मधेच यंत्र ‘हरवतं’ आणि आवाज करत थांबतं.

हाच प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

खालच्या जबड्यात शेवटच्या दाढेच्या चावण्याच्या बाजूपासून सुरू करा. टोक स्थिर धरा आणि पहिलं चित्र पक्कं झालं की मगच हला. चावण्याची बाजू धरून पुढे या. पटाशीच्या दातांपाशी आलात की सरळ जाऊ नका, कारण त्यांची धार बारीक असते आणि वरून पाहिलं तर यंत्राला धरायला काही मिळत नाही. तिथे टोक थोडं ओठाकडे, थोडं जिभेकडे असं झुकवत, नागमोडी चालीनं पुढे सरका. मग दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत जा. परत येताना टोक जिभेकडे कलतं करा, साधारण 45 अंश, आणि तसंच दुसऱ्या टोकाला पोचा. तिसरी फेरी गालाकडची. प्रत्येक फेरीत आधी टिपलेल्या भागाचा थोडा तुकडा चौकटीत असलाच पाहिजे. नुसता गाल किंवा नुसती हिरडी दिसली की यंत्राला आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि ते थांबतं.

यंत्र हरवलं तर घाबरून टोक इकडेतिकडे फिरवू नका. आधी स्कॅन झालेल्या, उंचसखल असलेल्या दाढेवर परत या आणि थांबा. ते स्वतः जोडून घेतं. वरच्या जबड्यासाठी फेऱ्यांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतला क्रम पाळा आणि मनानं बदलू नका, कारण सॉफ्टवेअर त्या क्रमाला धरून तयार केलेलं असतं.

खुर्चीवरचा मोठा दिवा बंद करा किंवा बाजूला वळवा. त्याचा झोत स्कॅनच्या प्रकाशात मिसळतो. दुपारी खिडकीतून थेट ऊन खुर्चीवर येत असेल तर पडदा ओढा. आणि गालाला, जिभेला आवरायला आरसा डाव्या हातात हवाच. अर्धा स्कॅन डावा हात करतो.

6. कापलेल्या दाताची मार्जिन नीट येत नाही. स्कॅनर खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्कॅनरला जे दिसतं तेच तो टिपतो. पुट्टीसोबतची पातळ लाइट बॉडी हिरडीच्या आत थोडी तरी शिरायची. प्रकाश शिरत नाही. समोर हिरडी असेल तर हिरडी येते, रक्त असेल तर रक्ताचा पृष्ठभाग येतो.

कॉर्ड, म्हणजे हिरडी बाजूला सारणारा दोरा, नीट घाला. हिरडी नाजूक असेल तर दोन कॉर्डची पद्धत वापरा, खालची बारीक कॉर्ड आत राहू द्या आणि वरची स्कॅनच्या आधी काढा. रक्त थांबवणारी ॲल्युमिनियम क्लोराइडची पेस्ट वापरत असाल तर ती पूर्ण धुऊन काढा. कडेला राहिलेली पेस्ट पडद्यावर दातासारखीच दिसते. मग हवेनं सुकवा. लाळेचा पातळ थर चकाकतो आणि कडा गोल करून टाकतो. सुकवल्यावर सगळ्यात आधी कापलेला दात टिपा, शेजारचे नंतर. कोरडेपणा फार वेळ टिकत नाही.

आता तपासणी. समजा उजवीकडची खालची दुसरी दाढ आहे. स्कॅन झाला, रंगीत चित्र छान दिसतंय. रंग बंद करा आणि राखाडी चित्र पाहा. मागच्या बाजूला, जिथे टोक कष्टानं पोचतं, तिथे मोठं करा. धारदार कड पुढून येते, येते, आणि एका जागी ती एकदम गोल होऊन हिरडीत विरघळते. रंग परत चालू केला की त्याच जागी लालसर ठिपका दिसतो. तिथे रक्त होतं. एवढाच तुकडा सॉफ्टवेअरमध्ये खोडा, दात परत सुकवा आणि तेवढीच जागा पुन्हा टिपा. मार्जिनची रेषा लॅबवर सोडू नका, शक्य असेल तर स्वतः काढून पाहा. कडेवर कुठे अडखळलात, की लॅबही तिथेच अडखळणार आहे.

शेजारच्या दाताला लागून जी फट असते तिथे काळं भोक राहतं. सॉफ्टवेअर ते आपोआप बुजवून टाकतं आणि बुजवलेला भाग खऱ्यासारखाच दिसतो. मार्जिनवरचं भोक बुजलं असेल तर ती कॅप अंदाजावर बनते. आपोआप भोकं बुजवण्याआधी एकदा नजर टाका.

कटिंगबद्दलही एक गोष्ट. आतले कोन गोल ठेवा. कॅप कोरणाऱ्या मिलिंग यंत्राच्या बरला (कोरायच्या सुईला) जाडी असते. त्याच्या जाडीपेक्षा बारीक कोपरा त्याला कोरता येत नाही, मग सॉफ्टवेअर तिथे जास्तीची पोकळी ठेवतं आणि कॅप सैल बसते. हातानं वॅक्स करणाऱ्या, म्हणजे मेणात कॅप घडवणाऱ्या लॅबला जे चालायचं ते इथे चालत नाही.

7. एका कॅपला छान बसतं, पण पूर्ण जबड्याचं काम लॅबला जुळत नाही. असं का?

प्रश्न 1 मधले तुकडे आठवा. आजी गोधडी शिवते तेव्हा एका जोडाला सुतभर फरक पडला तर दिसत नाही, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच फरक साठत गेला की शेवटचा चौकोन तिरका जातो. पूर्ण जबड्यात तसंच होतं. एक दात किंवा एका बाजूचे तीन-चार दात यांच्यात चूक फार थोडी असते. कॅपच्या कडेला किती फट चालते याबद्दल मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये 120 मायक्रॉन हा आकडा दिला आणि आजही तोच मापदंड धरतात. एका बाजूच्या स्कॅनमध्ये नीट काम केलं तर आपण यात आरामात बसतो. या कानापासून त्या कानापर्यंत गेलात की चूक साठते, विशेषतः पटाशीचे दात ओलांडताना.

म्हणून एका कॅपसाठी अख्खा जबडा स्कॅन करायची गरज नाही. त्या बाजूचा भाग आणि समोरचा भाग पुरतो. अलाइनरला पूर्ण जबडा लागतो आणि तिथे एवढी चूक चालून जाते, कारण प्लास्टिक लवचीक असतं. अख्ख्या जबड्याचा एकसंध ब्रिज मात्र नुसत्या स्कॅनवर करू नका. ट्रायल घ्या.

8. बाइटच चुकीची येते. कॅप बसवली की ‘उंच लागतंय’ म्हणतात.

दोन्ही जबडे स्कॅन झाल्यावर रुग्णाला दात मिटायला सांगून गालाच्या बाजूनं बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात कसे मिटतात ते, टिपतात. गडबड इथे होते. टोक गालात गेलं की माणूस नकळत जबडा किंचित सरकवतो. बधिरतेचं इंजेक्शन दिलेल्या बाजूला तर आपण कुठे चावतोय हे त्याला कळतच नाही. यावर उपाय एकच, दात कापायच्या आधी, इंजेक्शनच्याही आधी, बाइटचा स्कॅन करून ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘प्री-प्रेप’ स्कॅनची सोय असते.

बाइट टिपताना ‘दात दाबा’ असं म्हणू नका, ‘घास चावता तसे दात मिटा’ असं सांगा. पडद्यावर दोन्ही जबडे एकत्र दिसले की दोन्ही बाजू पाहा. जिथे खरे दात टेकतात तिथेच रंग दिसायला हवा. तोंडात आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतात तिथे रंग उमटवणारा कागद) लावा आणि पडद्यावरच्या ठिपक्यांशी ताडून बघा. एका बाजूला दात एकमेकांत घुसलेले आणि दुसऱ्या बाजूला फट असेल तर स्कॅन परत करा. लॅब हे दुरुस्त करू शकत नाही. दाढाच नसलेल्या माणसाची बाइट कशी घ्यायची ते प्रश्न 11 मध्ये आहे.

9. गुटखा खाणाऱ्या रुग्णाचं तोंडच उघडत नाही. टोक आत जाणार कसं?

आपल्याकडचा हा रोजचा प्रश्न आहे आणि बाहेरच्या शिबिरांमध्ये तो कुणी शिकवत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी ओरल सबम्युकस फायब्रोसिसचे, गाल पांढरे आणि कडक झालेले तरुण रुग्ण क्लिनिकमध्ये येतातच.

आधी पट्टीनं मोजा, वरच्या आणि खालच्या पटाशीत किती मिलिमीटर अंतर आहे. मग आपल्या टोकाची जाडी मोजा. टोक आत गेलं तरी ते वाकवायला जागा लागते, हे धरून हिशेब करा. लहान मुलांसाठीचं बारीक टोक मिळत असेल तर ते घ्याच. आपल्या भागात ते लहान मुलांपेक्षा याच रुग्णांना जास्त कामाला येईल.

वरच्या दाढांची गालाकडची बाजू घेताना तोंड पूर्ण उघडायला लावू नका. अर्धं मिटायला सांगा आणि जबडा त्याच बाजूला सरकवायला सांगा. जबड्याचं हाड बाजूला होतं आणि गालात जागा मिळते. मधे मधे विश्रांती द्या. स्कॅन थांबवून परत सुरू करता येतो, पुट्टीला ते जमत नाही. कडक झालेला गाल जोरानं ओढू नका, ओठाचा कोपरा फाटतो. ओठांना आधी व्हॅसलीन लावा, पण ते टोकाच्या काचेला लागू देऊ नका.

इतकं करूनही मागची दाढ येत नसेल तर कापलेल्या ट्रेमध्ये अर्धं माप घेणं किंवा कॅपचा बेतच बदलणं योग्य. आणि कॅपच्या घाईत मुख्य गोष्ट राहू नये. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. त्या दिवशी स्कॅन झाला नाही तरी चालेल, पण गाल, जीभ आणि जिभेखालचा भाग नीट बघा, संशयास्पद चट्टा असेल तर पुढे पाठवा. तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक 1800-11-2356 कागदावर लिहून द्या. ‘दादा, तोंड अजून बंद होत चाललंय’ हे शांतपणे, नातेवाइकांसमोर न लाजवता सांगितलं तर माणूस ऐकतो.

10. मिश्रीचे काळे डाग, जुनी धातूची कॅप, दातात भरलेली चकचकीत चांदी. यांच्यावर स्कॅन येत नाही.

काळा डाग प्रकाश शोषतो आणि चकाकणारा धातू तो भलतीकडे फेकतो. डाग असतील तर आधी दात साफ करा आणि हिरडी बरी झाल्यावर स्कॅनला बोलवा. साफ केल्या केल्या लगेच नको, रक्त येतं. शेड (दाताचा रंग) तर डाग काढल्याशिवाय घेऊच नका. स्कॅनर शेड सुचवतो ती सोबतीला ठीक, पण शेड गाइड दिवसाच्या उजेडात दाताला लावून बघा. धातूवर अडत असेल तर टोकाचा कोन बदला, तिरकं धरा. अगदीच नाही आलं तर पातळ स्कॅन स्प्रे मारा, पण थर जाड झाला की मापात फरक पडतो.

11. बत्तीशी बसवायची आहे, एकही दात नाही. स्कॅनवर होईल का?

हिरडी गुळगुळीत, ओली आणि हलणारी. यंत्राला धरायला खुणाच नसतात. वरचा जबडा बऱ्यापैकी येतो, कारण टाळूवर घड्या असतात. खालचा फार अवघड. शिवाय कवळी टिकते ती गाल-ओठांच्या हालचालीसकट घेतलेल्या कडेमुळे, आणि ती कड आबा तोंड हलवत असताना कंपाउंडनं (तापवून मऊ करायच्या मटेरियलनं) घ्यावी लागते. स्थिर स्कॅनमध्ये ती येत नाही. नवशिक्यांनी इथे वेळ घालवू नये. माप जुन्या पद्धतीनं घ्या आणि हवं तर ते मापच बाहेर स्कॅन करा. जुनी चांगली बसणारी कवळी असेल तर ती सगळीकडून स्कॅन करून ठेवता येते, उद्या ती तुटली तर तशीच दुसरी करता येते.

थोडे दात आहेत पण दाढा नाहीत, अशा वेळी वॅक्सच्या ब्लॉकवर बाइट घ्या आणि तो ब्लॉक तोंडात असताना बाजूनं स्कॅन करा.

आणखी एक. गाल-जीभ आपोआप खोडणारी सोय दात असताना उपयोगी असते, पण बिनदाताच्या भागात ती हवी असलेली हिरडीही खोडते. अशा वेळी ती बंद ठेवा.

12. इम्प्लांटचा स्कॅन वेगळा असतो का?

हो. इम्प्लांटवर स्कॅन बॉडी नावाचा खुंट बसवतात आणि त्याच्या आकारावरून सॉफ्टवेअर इम्प्लांटची जागा आणि दिशा ओळखतं. स्कॅन बॉडी त्याच कंपनीची, त्याच मापाची हवी आणि लॅबच्या लायब्ररीत तिची नोंद हवी. ती पूर्ण बसली का हे शंका असेल तर एक्स-रेनं बघा. खाली हिरडी अडकली तर सगळं माप वर सरकतं. एक-दोन इम्प्लांटला हे उत्तम चालतं. पूर्ण जबड्यात चार-सहा इम्प्लांट असतील तर प्रश्न 7 मधली साठणारी चूक इथे महागात पडते, कारण स्क्रूला लवचीकपणा नाही. अशा कामाला फोटोग्रामेट्री (वेगळ्या कॅमेऱ्यानं सगळ्या इम्प्लांटच्या जागा एकदम मोजणं) किंवा जुनं ओपन ट्रेचं (वरून उघड्या ट्रेचं) माप आणि व्हेरिफिकेशन जिग (माप जुळतं का ते तोंडात तपासायचा साचा) वापरा.

13. लॅबला कुठली फाइल पाठवू? नाशिकची लॅब एसटीएल मागते, सुरतची पीएलवाय.

एसटीएलमध्ये फक्त आकार असतो, रंग नाही. पीएलवायमध्ये रंगही येतो, त्यामुळे मार्जिनजवळ हिरडी कुठे संपते हे लॅबला दिसतं. कॅप-ब्रिजसाठी चालत असेल तर पीएलवाय पाठवा. एसटीएलमध्ये मोजमापाचं एककही नसतं. मिलिमीटरची फाइल कुणी इंच समजून उघडली तर दात 25.4 पट मोठा दिसतो. असा फोन आला तर यंत्राला दोष देऊ नका.

फाइलसोबत कोणता दात, कोणतं मटेरियल, शेड, मार्जिनचा प्रकार, समोरच्या दातांचा फोटो आणि बाइटबद्दल काही सांगायचं असेल तर ते लिहा. व्हॉट्सॲपवर अर्धवट निरोप पाठवू नका. पहिल्या काही कामांनंतर लॅबला मुद्दाम फोन करून विचारा, ‘स्कॅनमध्ये काय कमी पडलं?’ शिकण्याची यापेक्षा स्वस्त जागा नाही.

14. वीज जाते, नेट तुटतं, आणि मे महिन्यात लॅपटॉप तापून बंद पडतो. काय करू?

स्कॅनर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर नको, चांगल्या यूपीएसवर घ्या. काही इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जाताना क्षणभर वीज तोडतात आणि चालू स्कॅन जातो. स्कॅन करायला बहुतेक यंत्रांना नेट लागत नाही, पाठवायलाच लागतं. पण काही कंपन्यांची प्रक्रिया क्लाउडवर चालते, म्हणून घेण्याआधी हे विचाराच.

जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड स्वतःचा वेग कमी करतं आणि स्कॅन अडखळतो. एसी आधी अर्धा तास चालू करा, लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवा. स्कॅनर उन्हातल्या गाडीत ठेवून तालुक्याच्या शिबिराला नेला असेल तर पोचल्या पोचल्या वापरू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि कॅलिब्रेशन (यंत्राच्या मापाची जुळणी) करा. कॅलिब्रेशन तसंही कंपनीनं सांगितलेल्या अंतरानं करायचंच असतं.

15. टोक ऑटोक्लेव्हमध्ये चालतं का?

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायचं यंत्र. ज्या टोकावर तसं लिहिलंय ते चालतं. प्रत्येक टोकाला किती वेळा ऑटोक्लेव्ह करायचं याचा आकडा कंपनी देते. तो मोजायला टोकाच्या पाऊचवर खूण करत जा. टोकातला आरसा धूसर झाला की स्कॅन मंद होतो आणि आपण विनाकारण हाताला दोष देतो. टोकं कमी असतील तर दोन रुग्णांच्या मधे नुसतं पुसून पुढे जायचा मोह होतो. तो टाळा, जास्तीची टोकं घ्या. हँडलवर आवरण चढवा.

16. एवढा पैसा घालावा का? छोट्या गावात परवडेल?

यंत्रं साधारण पाच-सहा लाखांपासून वीस लाखांच्या पुढेपर्यंत जातात. किंमत विचारताना आणखी चार गोष्टी विचारा: वर्षाची फी आहे का, फाइल कुठल्याही लॅबला मोकळेपणानं पाठवता येते का, टोकं केवढ्याला पडतात, आणि बिघाड झाला तर बदली यंत्र किती दिवसांत जळगावला पोचतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सर्व्हिस इंजिनिअर पुण्या-मुंबईहून यायचा असेल तर ते लेखी घ्या.

महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कॅप असतील तर घाई करू नका. चांगली पुट्टी घ्या आणि डेस्कटॉप स्कॅनर (टेबलावर मॉडेल टिपणारा) असलेल्या लॅबला मॉडेल पाठवा. डिजिटल कामाचा अर्धा फायदा तसाही मिळतो. दोघा-तिघांनी मिळून यंत्र घेणं ऐकायला चांगलं वाटतं, पण ते क्लिनिक-क्लिनिक फिरलं की प्रश्न 14 मधल्या सगळ्या अडचणी येतात. एकाच जागी यंत्र ठेवून रुग्ण तिथे पाठवणं बरं.

शिकायला कंपनीचं एक दिवसाचं प्रशिक्षण पुरत नाही. धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी आपले वरिष्ठ, सहाध्यायी असतील तर त्यांच्यासोबत बसून प्रत्यक्ष केस पाहा.

17. स्कॅन माझ्या असिस्टंट ताईंनी केला तर चालेल का?

अलाइनर-रिटेनरचा साधा स्कॅन अनेक ताई डॉक्टरांपेक्षा सुबक करतात, कारण त्यांचा हात शांत असतो. पण कापलेल्या दाताचा स्कॅन डॉक्टरांनीच करावा. मार्जिन कुठे आहे हे कापणाऱ्याला ठाऊक असतं. आणि कुणीही केला तरी पाठवण्यापूर्वी डॉक्टरांनी पाहायचाच. जबाबदारी नोंदणी असलेल्याचीच आहे.

स्कॅन ही रुग्णाची खासगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे. माहिती लॅबला किंवा क्लाउडवर जाणार हे रुग्णाला मराठीत, लागलं तर अहिराणीत सांगा आणि संमती घ्या. ग्रुपवर केस टाकताना नाव असलेलं पडद्याचं चित्र टाकू नका.

18. स्कॅन स्वच्छ होता, मार्जिन दिसत होती, तरी कॅप बसली नाही. कुठे शोधू?

आधी कॅप मॉडेलवर नाही, तोंडातच तपासा. शेजारच्या दातांना अडते का ते फ्लॉसनं पाहा. बहुतेक वेळा तिथेच अडते आणि आपण आतून घासत बसतो. तात्पुरती कॅप सैल असेल आणि मधे दिवस गेले असतील तर शेजारचे दात सरकलेले असतात, हा स्कॅनचा दोष नाही. तिथे नसेल तर आत फिट चेकर (कुठे अडतं ते दाखवणारी पेस्ट) लावा. एकाच जागी घासतंय का? तिथे कटिंगचा धारदार कोपरा असेल (प्रश्न 6). सगळीकडे सारखीच घट्ट असेल तर लॅबला सिमेंटची जागा किती ठेवली ते विचारा. कॅप नीट बसते आणि फक्त उंच लागते, तर प्रश्न 8 कडे जा. कॅप फेकण्याआधी मूळ स्कॅन उघडा आणि त्या जागी मोठं करून बघा. फाइल म्हणूनच जपून ठेवायची असते.

19. मी लॅबमध्ये वीस वर्षं वॅक्सिंग करतोय. आता माझं काम जाणार का?

नुसतं मॉडेल ओतणं आणि ट्रिम करणं कमी होईल, हे खरं आहे. पण दाढेच्या चावण्याच्या बाजूला उंचवटे कुठे असावेत, शेजारच्या दाताला किती टेकवायचं, पोर्सिलेनला थर कसे द्यायचे, हे ज्याच्या बोटांत आहे त्याला सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागत नाही. उलट माऊस पटापट चालवणाऱ्या मुलाला दाढ कशी असते हे शिकवायला वर्षं जातात. एक्सोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मार्जिनची रेषा काढणं आणि कॅप बसवण्याची दिशा ठरवणं एवढं दोनच शिका. त्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांकडून जुने, नाव काढलेले स्कॅन मागून घ्या आणि रोज संध्याकाळी एक उघडा. खराब स्कॅनही मागा. कुठला परत पाठवायचा हे ओळखता येणारा माणूस आज प्रत्येक लॅबला हवा आहे.